खोली रिकामी

२ सप्टेंबर

मामा,

साष्टांग नमस्कार घातला असं समज. बालवाडीतल्या वीतभर खुर्चीवर बसून लिहितेय, इथून नुसतं उठायलाच दोन माणसं लागतात. तुझे कान सायरनने खाल्ले, फोनवर मी ‘मामी कशी आहे’ म्हटलं की तुला ‘काशी’ ऐकू येतं. म्हणून पत्र.

अडचण अशी आहे. परवा शाळेत आगीच्या घंटेची चाचणी झाली. माझ्या वर्गात अठरा मुलं, सगळी चार-पाच वर्षांची. घंटा वाजली की दोन मिनिटांत मैदानात रांग लागायला हवी. बाहेर आली सात. बाकीची टेबलांखाली, पडद्यामागे, दोन तर माझ्याच ओढणीत. आणि एक मुलगी सापडेचना. सारखं काहीतरी कुरतडत असते म्हणून तिला आम्ही खारूताई म्हणतो. वीस मिनिटांनी सापडली. दुपारी झोपायच्या गाद्या ठेवतो त्या भिंतीतल्या कपाटात बसली होती, दार आतून ओढून. मी तिला हाका मारत चार वेळा त्याच कपाटावरून गेले होते.

“ओ का दिली नाहीस गं?” म्हटलं, तर म्हणते, “मी लपले होते ना!”

मोठ्या बाईंनी आता महिनाभर हाच विषय घ्यायला सांगितलाय. खेळ हवेत, गटाने खेळायचे, रडारड होणार नाही असे. तू एकतीस वर्षं बंबावर काढलीस. सुचव काहीतरी.

मामीला नमस्कार.

तुझी ठकू


८ सप्टेंबर

ठकू,

अनेक आशीर्वाद. मामीचे वेगळे, तिला माझ्यात मिसळलेले चालत नाहीत.

खेळ लिहितो. पहिला धुराचा. राखाडी चादर घे, दोघींनी दोन टोकं धरून कमरेइतकी खाली ताणा. मुलांनी खालून रांगत दारापर्यंत जायचं. चादरीला डोकं लागलं की पुन्हा सुरुवातीपासून. धूर वर असतो, हवा जमिनीलगत असते, हे त्यांना गुडघे दुखल्यावर आपोआप कळेल.

कपड्यांना लाल कागदाच्या ज्वाळा चिकटव. ‘थांबा, झोपा, लोळा’ असं ओरडलं की लोळून लोळून कागद पाडायचे. पाण्याची रांग लाव, मगाने मगाने बादली भरायची. वर्ग ओला होईल, त्याला इलाज नाही. खुर्च्या दोन-दोन मांडून बंब कर, घंटा कोण वाजवणार यावर मारामारी होईल, तिलाही इलाज नाही. बंद दाराला आधी हाताची मागची बाजू लावायची, गरम असेल तर उघडायचं नाही, हेही खेळता खेळता शिकव.

पण सगळ्यात महत्त्वाचा खेळ ‘मी इथे’. लपाछपीच्या बरोबर उलटा. एकाने फायरमन व्हायचं, बाकीच्यांनी वर्गात कुठेही पडून राहायचं. फायरमन म्हणणार, “कोणी आहे का?” की बेंबीच्या देठापासून ओरडायचं, “मी इथे!” जो सगळ्यात आधी सापडेल तो जिंकला. हा रोज खेळ. बाकीचे राहिले तरी चालतील. तुझ्या त्या खारूताईला यात रोज घे. ओरडणारं मूल आम्हाला अर्ध्या मिनिटात सापडतं. गप्प बसणाऱ्याचं काही सांगता येत नाही.

पार्सल पाठवतोय. माझं शिरस्त्राण, जाड कोट आणि पाण्याच्या पाइपाचा हातभर तुकडा. मास्क पाठवत नाही. पोरं घाबरतात त्याला.

तुझा मामा


२१ सप्टेंबर

मामा,

तुझ्या खेळांनी शाळा डोक्यावर घेतलीय! शिरस्त्राण घातलं की मूल दिसतच नाही, नुसती टोपी चालत येते. आमचा भोंगा (आवाजावरून नाव) एकट्याने वर्ग दणाणून सोडतो. आणि खारूताई “मी इथे” म्हणते. अगदी बारीक आवाजात, पण म्हणते.

आणि हो, मास्क आलाय. पाठवत नाही म्हणालास, पण कोटाच्या आतच गुंडाळलेला होता. काळा रबरी, पुढे गोल काच. मुलं मुळीच घाबरली नाहीत, उलट त्याच्यासाठी रांग लागली.

एक गंमत सांगते. पहिल्यांदा भोंग्याने तो तोंडाला लावला. आम्हाला वाटलं आता हा आतून बोंबलणार. तर एकदम गप्प. भिंतीवर पंजाने तीनदा थापटलं. वाकून टेबलाखाली बघितलं. दारामागे बघितलं. मग सरळ उभा राहिला, म्हणाला, “खोली रिकामी,” आणि निघून गेला. टेबलाखाली दोन मुलं ‘मी इथे’ म्हणून घसा फाडत होती, त्यांच्याकडे ढुंकून बघितलं नाही. आम्ही हसून हसून बेजार.

दुसऱ्याने लावला, त्यानेही तेच केलं. तिसरीनेही. थापट, टेबल, दार, खोली रिकामी. मी म्हटलं, एकाचं बघून दुसरा करतोय. पण एक मुलगी आठवडाभर तापाने घरी होती. ती काल आली, तिने यातलं काही पाहिलंच नव्हतं. तिनेही भिंत तीनदा थापटली. आवाज मात्र तिचा वाटला नाही मला. घसा बसलेल्या मोठ्या माणसासारखा होता. रबरामुळे असेल.

शाळेतल्या मावशी म्हणतात, “छान शिकवलंत हो.” मी शिकवलेलं नाही. तू कधी लिहिलं होतंस का ‘खोली रिकामी’? मला पत्रात सापडत नाही.

ठकू


२५ सप्टेंबर

ठकू,

मास्क ताबडतोब परत पाठव. जुनं रबर आहे, त्याने मुलांच्या तोंडाला पुरळ येईल. तोवर कुलपात ठेव. कोणाला लावू देऊ नकोस, तूही लावू नकोस.

मी तो ठेवला नव्हता. मामीही नाही म्हणते.

बाकी खेळ चालू देत.

मामा


१ ऑक्टोबर

मामा,

मास्क कचेरीतल्या लोखंडी कपाटात आहे. पार्सलं नेणारे कारकून रजेवर आहेत, आले की पाठवते. पण त्याने काही फरक पडलेला नाही.

मुलं आता मास्कशिवायच खेळतात. दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडावर धरतात आणि आत श्वास घेतात. फुस्स... खर्र. फुस्स... खर्र. अठरा मुलांचा श्वास एकदम. रोज अकराच्या सुमाराला. ठोकळे खेळत असली तरी सोडून उठतात. चार वर्षांच्या मुलांना घड्याळ कळत नाही, मामा.

काल खारूताई एकटीच बाजूला बसून फ्रॉकचा काठ चावत होती. मी जवळ गेले. आमचं बोलणं जसंच्या तसं लिहिते.

“तू का नाही गं खेळत?”

“तो चुकतो.”

“कोण चुकतो?”

“तो. कपाट बघतच नाही. ती कपाटात आहे ना.”

“कोण आहे कपाटात?”

“नाव नाही सांगणार म्हणाली. ती मोठी आहे. पाच वर्षांची.”

“मग ती ‘मी इथे’ का नाही म्हणत?”

“तिला भीती वाटते. त्याला तोंडच नाही.”

मी उठून कपाट उघडलं. गाद्यांशिवाय काही नव्हतं. सगळ्यात खालच्या गादीवर हात ठेवला. गरम होती. चुलीवरून उतरवलेल्या भांड्यासारखी. त्या भिंतीला ऊन येत नाही, पलीकडे अडगळीची खोली आहे. मावशींना बोलावलं, त्या म्हणाल्या, गार तर आहे. मी पुन्हा हात लावला. गार होती.

मामीने फोन केला होता. तू नीट जेवत नाहीस, दिवसभर व्हरांड्यात बसून राहतोस, असं म्हणाली. पुरळाचं कारण मला सांगू नकोस. जे आहे ते लिही. ही माझी मुलं आहेत.

ठकू


५ ऑक्टोबर

ठकू,

लिहितो. मामीला हे माहीत नाही.

एकोणतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळचे अकरा. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. खाली रस्त्यावर एक बाई “मुलगी आत आहे” एवढंच ओरडत होती. मी आणि माझा जोडीदार वर गेलो. पुढची खोली त्याने घेतली, आतली मी.

धुरात डोळ्यांचा उपयोग नसतो. भिंत थापटत जायचं, तिला सोडायचं नाही. मी टेबलाखाली हात फिरवला. दारामागे बघितलं. भिंतीत खाली एक कपाट होतं, दार लावलेलं. मी त्याच्यासमोर उभा होतो. माझ्या पाठीवरच्या सिलिंडरची शिट्टी वाजायला लागली होती, म्हणजे हवा संपत आली. आत मूल मावणार नाही असं मला वाटलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. तसं नव्हतं. मला बाहेर पडायचं होतं.

आतून काहीतरी हललं. तो माझाच श्वास आहे असं मी ठरवलं. ‘ठरवलं’ हा शब्द नीट वाच. वाटलं नाही, ठरवलं.

मग मी “खोली रिकामी” म्हणालो आणि उतरलो.

ती त्याच कपाटात सापडली. पाच वर्षांची होती. दाराला बोटभर फट होती. तिने मला बघितलं असणार. काळं रबर, काच आणि तो आवाज.

अहवालात मी लिहिलं, ‘कपाट तपासले, रिकामे होते.’ जोडीदाराने सही केली. आई-बापाला सांगण्यात आलं की मुलगी दुसऱ्या खोलीतून नंतर तिकडे गेली असेल. ती बाई माझ्या घरापासून तीन गल्ल्यांवर राहते. कपडे बेतून द्यायचं, उसवलेलं शिवून द्यायचं छोटं दुकान आहे. त्या रस्त्याने मी कधी जात नाही. मामीला वाटतं, मी व्यायामासाठी लांबून फिरून येतो.

मास्क तोच आहे. भंगारात निघाला तेव्हा मी मागून घेतला. का, ते विचारू नकोस.

मुलांना ते कसं कळलं, मला समजत नाही. पण एक ऐक. तुझ्या वर्गात जे काही असेल ते असो, ते कपाट उघडून बघत जा. रोज. रिकामं असलं तरी.

मामा


१३ ऑक्टोबर

मामा,

आधी हे वाच, सगळी मुलं सुखरूप आहेत.

काल पावणेअकराला अडगळीच्या खोलीतली इन्व्हर्टरची जुनी बॅटरी पेटली. त्याच कपाटाच्या पलीकडच्या भिंतीला. यावेळी खरी घंटा वाजली. मुलं काय सुंदर बाहेर पडली! चादरीखालून जातात तशी रांगत, एकही रडलं नाही. मैदानात मोजली. सतरा.

कोण नाही हे मोजायच्या आधीच मला कळलं होतं.

मोठ्या बाई अडवत होत्या. मी ओढणी भिजवून तोंडाला बांधली आणि आत गेले. धूर कमरेपर्यंत उतरला होता. मी गुडघ्यांवर होते. डोळ्यांतून पाणी. हाका मारल्या, ओ नाही. मी भिंत थापटली. तीनदा, ते नंतर लक्षात आलं. टेबलाखाली हात फिरवला. दारामागे बघितलं. आणि माझ्या तोंडून शब्द आले. मी बोलले नाही मामा, आले. “खोली रिकामी.” मी वळलेसुद्धा. माझे पाय बाहेर निघाले होते.

तेव्हा तुझा शब्द आठवला. ठरवलं.

मागे फिरले आणि कपाट उघडलं. खारूताई आत होती. अगदी कडेला सरकून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. शेजारी एका मुलाची जागा सोडलेली, आणि त्या जागेवर हात टाकलेला, मैत्रिणीच्या खांद्यावर टाकतात तसा.

“तिलापण घे,” ती म्हणाली.

मी तिला काखोटीला मारलं आणि निघाले. त्या जागेकडे बघितलं नाही. हे तुलाच सांगतेय. मी दार उघडं टाकून आले होते. अर्ध्या तासाने बंबावरचा माणूस आतून बाहेर आला आणि मला विचारू लागला, “बाई, अजून कोणी राहिलंय का? ते कपाट आतून कोणीतरी ओढून धरल्यासारखं घट्ट बसलंय.” दोघांनी मिळून उघडलं. आत कोणी नव्हतं.

तू लिहिलं नसतंस तर मी परत फिरले नसते. हे तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये. पण त्या बाईंना हे कळायला हवं, तुझ्या तोंडून. तू जाणार आहेस का?

ठकू


२३ ऑक्टोबर

ठकू,

गेलो.

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. ती कुणाच्यातरी पँटची घडी उसवत होती. मी नाव सांगितलं नाही, काम सांगितलं. बंबावर होतो, त्या दिवशी आतल्या खोलीत मीच होतो, कपाट उघडलं नव्हतं, अहवाल खोटा आहे. एवढं बोलायला मला एकोणतीस वर्षं लागली आणि बोलून झालं अर्ध्या मिनिटात. तिने टाका उसवायचं थांबवलं नाही. पूर्ण पाय उसवला. मग म्हणाली, “चहा घेणार?” आणि लगेच, “नको. तुम्हाला चहा नाही करवणार माझ्याने.”

मी उठलो. ती म्हणाली, “बसा. माझंही ऐका.”

शेजारचा एक माणूस उगाच दारात येऊन उभा राहायचा. तिला रोज अर्ध्या तासासाठी बाहेर जावं लागे. म्हणून तिने मुलीला शिकवलं होतं, कोणीही आलं तरी कपाटात बसायचं. नाव घेऊन हाक मारली तरी ओ द्यायची नाही. मी येऊन दार उघडेन, तेव्हाच बाहेर यायचं.

“पोर शहाणी होती,” म्हणाली. “रोज सराव करायचो आम्ही. खेळच होता तो आमचा.”

मी विचारलं, “मग खाली रस्त्यावर तुम्ही कपाट का नाही म्हणालात?”

तिने कात्री खाली ठेवली. “म्हणणार होते. पण सगळी माणसं बघत होती. मूल कोंडून जाते ही बाई, असं म्हटलं असतं. एवढासा विचार आला मनात. तेवढ्यात तुम्ही खाली आलात आणि म्हणालात, रिकामी. मला वाटलं, म्हणजे ती सुटली. कुठेतरी बाहेर आहे.”

नवऱ्याला तिने हे कधीच सांगितलं नाही. तो गेला त्याला अकरा वर्षं झाली.

मग मी तुझ्या वर्गाचं सगळं सांगितलं. म्हातारा वेडा झालाय असं म्हणेल, हाकलून देईल, असं वाटलं होतं. तिने एकच विचारलं, “बस किती वाजता असते?”

मी तिला घेऊन येतोय. गुरुवारी. मोठ्या बाईंना काय सांगायचं ते तू बघ.

मामा


५ नोव्हेंबर

मामा,

तू बाहेर फाटकाजवळच्या बाकावर बसून राहिलास, आत आला नाहीस. बरोबर केलंस. पण तुला कळायला हवं म्हणून आत काय झालं ते लिहिते. परतीच्या बसमध्ये त्या तुझ्याशी काही बोलल्या नसतील.

मुलांना मी सांगितलं होतं, एक आजी भेटायला येणार आहेत. मुलं पाण्याची रांग खेळत होती. त्या आल्या, चपला दाराशी काढल्या, एका बुटक्या खुर्चीवर बसल्या आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. भोंग्याने त्यांना मगभर पाणी आणून दिलं, त्यातलं अर्धं त्यांच्या साडीवर. त्या हसल्या. मला वाटलं आता उठतील, निघतील.

अकरा वाजले आणि मुलांनी मग खाली ठेवले. ओंजळी तोंडाकडे जायला लागल्या. फुस्स... खर्र.

त्या उठल्या. कोणाला काही विचारलं नाही. सरळ त्या कपाटाकडे गेल्या, खाली मांडी घातली आणि दार उघडलं. मी मागेच उभी होते. गाद्या होत्या, आणखी काही नव्हतं. त्यांनी आत एक नाव घेतलं. नाव मी लिहीत नाही, ते त्यांचं आहे. मग अगदी रोजच्या आवाजात, जरा धाप लागलेल्या, म्हणाल्या, “आले गं मी. उशीर झाला. चल, ये आता बाहेर.”

मुलांचा श्वास थांबला. म्हणजे तो आवाज थांबला.

त्यांनी एक हात आत पुढे केला. मग जमिनीवर हात टेकून उठल्या. एकच हात टेकला, दुसरा खाली, थोडा पुढे धरलेला होता. मुठीत एवढंसं काहीतरी असावं तसा. त्या दाराकडे निघाल्या, त्यांचं पाऊल मोठं पडत नव्हतं. वर्गातल्या मुलांनी वाट करून दिली. मामा, एका माणसाला लागते त्याहून रुंद वाट. कोणीही सांगितलं नव्हतं.

खारूताई माझ्या शेजारी होती. तिने कोणाला तरी टाटा केला. त्या बाईंच्या तोंडाकडे बघून नाही. खाली, स्वतःच्याच उंचीला.

दाराची पायरी उंच आहे. त्या तिथे थांबल्या, वळून वाट बघितली आणि मग उतरल्या. चपला घालायच्या विसरल्या. मी घेऊन धावले तोवर त्या तुझ्या बाकावरून पुढे जाऊन रस्त्याच्या कडेला पोचल्या होत्या. रस्ता मोकळा होता. तरी त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, हात जरा आपल्याकडे ओढून घेतला, आणि मगच ओलांडला.

ठकू